निवांतपणाची आगोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिंता सोडा, पैशामागे धावू नका, आहे त्यात समाधान माना, असं सांगणारे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नेमाने येत असतात. त्यांत कोकणी माणसाचा दाखला ठरलेला असतो. पडवीत बसलाय, समोर पाऊस कोसळतोय, हातात पेजेची वाटी आहे आणि त्याला कशाची फिकीर नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ते जुलैचं चित्र काढतात आणि एप्रिल-मे गाळून टाकतात. त्या पेजेतला तांदूळ, तोंडी लावायची खारातली कैरी, चुलीतलं सुकं लाकूड आणि डोक्यावर न गळणारं कौल यातलं काहीही जुलैत मिळत नाही. ते आधीच घरात यावं लागतं. या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात, कुणी बेगमी म्हणतं. ती भरलेली असेल त्या घरात समाधानाचा उपदेश करावा लागत नाही, आणि नसेल त्या घरात तो उपदेश टोचतो. म्हणून या पत्रात उपदेशाऐवजी आगोटीचा हिशेब मांडतो आहे. शहरातून गावी परतलेल्या तरुण कुटुंबांना तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

अडचण नेमकी कुठे येते ते आधी पाहू. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १ जूनपासून निदान दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. ७-८ जूनला मृग लागतो, तेव्हा शेतीचा खर्च सुरू. त्याच सुमारास शाळा उघडतात. आंबा-काजूचा पैसा मेअखेर थांबलेला असतो आणि पुढे श्रावण, गणपती उभे असतात. म्हणजे मिळकत बंद आणि खर्च चालू, असे साडेतीन-चार महिने. वर्षभराची काळजी याच फटीतून घरात शिरते. ही फट बुजवली की उरलेलं वर्ष माणूस हसतखेळत काढू शकतो.

सुरुवात आमसुलांपासून करतो, कारण काम सोपं वाटतं आणि बिघडतं मात्र सगळ्यात जास्त. चार माणसांच्या घरात रोजच्या आमटी-कालवणाला पाच-सहा आमसुलं धरली आणि अधूनमधून सोलकढी धरली, तर वर्षाला चार किलोच्या आसपास आमसुलं लागतात. त्याला साधारण चाळीस किलो रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, हवीत. (मालवणीत रतांब्यांना भिरंडं आणि आमसुलांना सोलं म्हणतात, वस्तू तीच.) रतांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि मेअखेरीचा पाऊस गाठायच्या आत काम आटपावं लागतं. फळ गर्द लाल-जांभळं झालेलंच घ्यावं. अर्धवट हिरवं घेतलं तर साल वाळून फिकी आणि चिवट होते, सारात तिचा रंग उतरत नाही.

फळं धुऊन कोरडी करायची, मधोमध कापून दोन वाट्या करायच्या आणि गर-बिया वेगळ्या काढायच्या. भांडं मातीचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं नको, रतांब्याचा आंबटपणा धातू खातो आणि ती चव उतरते. साली पहिल्या दिवशी नुसत्याच उन्हात टाकायच्या. इकडे गराला जेवढा रस सुटेल त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं जाडं मीठ घालून ढवळून ठेवायचं. संध्याकाळी साली या रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे पुट. अशी निदान पाच पुटं द्यावी लागतात, आणि शेवटच्या पुटानंतर आणखी दोन-तीन कडक उन्हं. झालं की नाही हे बोटांना कळतं. आमसूल दुमडलं तर मोडत नाही, चामड्यासारखं वाकतं आणि दाबलं तरी बोटाला ओल लागत नाही.

चुका तीन होतात. पहिली म्हणजे घाई. दोन पुटांवर थांबलेलं आमसूल वरून काळं दिसतं, पण त्याला आंबटपणा धरत नाही, मग आमटीला चारच्या जागी आठ टाकावी लागतात. दुसरी, आभाळ आलेलं असताना पुट देणं. उन्हाशिवाय ओल्या साली एक दिवस राहिल्या की बुळबुळीत होतात आणि वास धरतात. आभाळ भरलं तर त्या दिवशी पुट द्यायचं नाही, साली घरात वाऱ्यावर पसरून ठेवायच्या. रस मिठाचा असल्याने तो एक-दोन दिवस थांबतो. तिसरी चूक भरताना. बरणी धुऊन लगेच भरली की आतल्या ओलीने आमसुलं मऊ पडतात. बरणी दोन दिवस उन्हात तापवावी, गार झाल्यावर तळाला मिठाचा थर, मग आमसुलं दाबून, वर पुन्हा मीठ. श्रावणात झाकण उघडल्यावर पांढरं काही दिसलं तर लगेच टाकून देऊ नये. बोटांनी चोळून पाहावं. करकरीत लागलं तर ते मीठ वर आलेलं असतं. कापसासारखं मऊ असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी, तेवढी आमसुलं काढून टाकावीत. बिया फेकू नयेत. धुऊन सुकवून ठेवल्या की पावसात सवडीने त्यांचं मुठेल काढता येतं. फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेली चरबी गार झाली की थिजते, ती काढून मुठीत वळायची. पायांच्या भेगांना याच्यासारखं औषध नाही.

उरलेला मिठाचा रस गाळून बाटलीत भरला की आगळ झालं. त्यात मीठ मात्र आणखी लागतं, दहाव्या हिश्श्यावर ते पावसाळाभर टिकत नाही, फसफसतं. एक लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅमपर्यंत न्यावं आणि सोलकढी करताना वरून मीठ घालू नये.

आता मासळी. चार माणसांचं घर, आठवड्यातून तीनदा, दर वेळी शंभर ग्रॅम सुकी मासळी धरली तर दहा आठवड्यांना तीन किलो पुरते. त्यात निम्मा जवळा किंवा गोलमो, उरलेल्यात बोंबील, सोडे आणि थोडे खारे बांगडे. सगळी मासळी एकाच जातीची भरू नये, कारण प्रत्येकीचं टिकणं वेगळं. बांगडा तेलकट, त्यातलं तेल उन्हाने आणि हवेने खवट होतं, म्हणून तो आधी संपवावा, गणपतीनंतर राखू नये. बोंबलात तेल कमी, पण तो बहुतेक बिनमिठाचा वाळवलेला असतो, त्यामुळे हवेतली ओल पटकन ओढतो.

घरी बांगडा खारवायचा तर तो ताजाच हवा. मऊ पडलेला मासा मिठाने सुधारत नाही. पाठीकडून चिरून पोटातलं आणि कल्ले काढायचे, मिठाच्या पाण्यात धुवायचा आणि चार किलो माशाला एक किलो जाडं मीठ या प्रमाणात थर लावायचे. वर फळी आणि धोंडा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच पाणी सुटून मासे त्यात बुडायला हवेत. बुडाले नाहीत तर मीठ कमी पडलं असं समजावं, कारण वर उघडा राहिलेला मासाच आधी बिघडतो. मग हलकेच धुऊन तीन कडक उन्हं. सुकवण जमिनीवर, वाळूत कधीही करू नये, मांडवावर, जाळ्यावर किंवा दोरीवर करावी. वाळूतला मासा खालून घामेजतो आणि कितीही धुतला तरी दाताखाली कचकचतो. बाजारातून जवळा घेताना मूठभर पाण्यात टाकून बघावा, तळाला किती वाळू बसते त्यावर भाव ठरवावा. खाऱ्या मासळीवर गुलाबी झाक दिसली तर ती विकतही घेऊ नये आणि घरात दुसऱ्या मासळीशेजारी ठेवूही नये. मिठात वाढणारे जंतू तो रंग आणतात आणि शेजारच्या माशावर पसरतात. डब्यात भरण्यापूर्वी मासळी उन्हातून काढून पूर्ण गार होऊ द्यावी. गरम भरली तर झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि दोन महिन्यांची बेगमी दहा दिवसांत जाते.

हल्ली बरीच घरं फ्रीजरमध्ये मासे भरून बेगमी झाली असं मानतात. त्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतल्या कितीतरी गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते. वीज गेली तरी जे टिकतं त्यालाच आगोट म्हणावं. त्या वादळांनी दुसरीही गोष्ट दाखवली. नुसत्या सुपारीवर किंवा नुसत्या माडावर ज्यांचा संसार होता त्यांची बाग एका दिवसात आडवी झाली, आणि लावलेली सुपारी हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात. कुळागरात, म्हणजे घरालगतच्या सुपारीच्या बागेत, सुपारीखाली मिरी, जायफळ, केळ, कडेला कोकम, बांधावर काजू, असं मिसळीचं लावणं हीदेखील निश्चिंतीचीच बेगमी आहे.

तांदळाचा हिशेब सोपा आहे. चार माणसांना दिवसाला दीड किलो धरला तर चार महिन्यांना १८० किलो. प्राधान्य शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चार महिन्यांत ८० किलो तिकडून, उरलेलं शंभर किलो घरात हवं. ते तांदूळ करून न ठेवता, तेवढा तांदूळ निघेल एवढं तुसासकट भात कणगीत ठेवावं आणि महिन्या-महिन्याला लागेल तेवढंच गिरणीतून काढावं. तूस हेच दाण्याचं चिलखत. कांडलेल्या तांदळाला, त्यातही कमी पॉलिशच्या लाल तांदळाला, पावसात लगेच जाळी लागते आणि कोंड्यातलं तेल खवट होतं. कणगीत ओतण्यापूर्वी दाणा दाताखाली धरून पाहावा. कट्‌ असा आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर अजून दोन उन्हं. कुळीथ चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून डब्यात भरावेत, राखेने दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि किड्याला हालचाल करता येत नाही. पिठी मात्र एकदम दळून ठेवू नये, भाजून किलोभर दळावी, संपली की पुन्हा.

पेजेबद्दल लिहायला हवं, कारण हल्ली पेज म्हणजे आजाऱ्याचं जेवण असा समज झाला आहे. उकड्या तांदळाची एक वाटी, पाणी सात-आठ वाट्या, मंद आचेवर पाऊण तास, मीठ शेवटी. घाई केली तर दाणा वरून फुटतो, आत कणी राहते आणि पाणी पांढरं घट्ट न होता वेगळं राहतं. सोबत खारातली कैरी किंवा भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत शेतात उभा राहतो. याहून स्वस्त आणि पोटभरीची न्याहारी मला तरी माहीत नाही, आणि ती गरिबीची खूण समजून मुलांना बिस्किटं देणाऱ्या घरांचं वाईट वाटतं.

लाकडाकडे दुर्लक्ष होतं, कारण गॅस आलेला आहे. पण न्हाणीचं पाणी आणि पेज चुलीवर आणि बाकीचं गॅसवर, असं वाटून घेतलं तर सिलिंडर बराच लांबतो. दिवसाला चार-पाच किलो लाकूड, चार महिन्यांना पाचशे ते सहाशे किलो. ते एप्रिलपूर्वीच तोडून, मुख्य म्हणजे फोडून ठेवावं. अख्खा ओंडका सालीमुळे आतून सुकतच नाही. दोन ढलप्या एकमेकांवर आपटून पाहाव्यात. सुक्या खणखणतात, ओल्या थप्प वाजतात. टोकाला तडे गेलेले दिसले म्हणजे लाकूड तयार. रचताना खाली चिरे ठेवून जमिनीपासून वीतभर उचलावं आणि भिंतीला चिकटवू नये, वारा फिरला पाहिजे. वरून ताडपत्री घालावी, पण चारी बाजूंनी गुंडाळू नये. गुंडाळलेली रास आतून घामेजते, जुलैत काढायला जावं तर वाळवी आणि बुरशी. सोडणं (नारळाची सालं), करवंट्या आणि चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) पेटवणासाठी वेगळी, चुलीच्या वरच्या माळ्यावर. ओल्या लाकडाने धूर होतो, वेळ जातो आणि घरातली बाई सकाळी सहा वाजल्यापासून वैतागलेली असते. घरातला आनंद मोजायचा तर त्या वेळच्या चुलीपाशी जाऊन मोजावा.

कौलं परतणं, पन्हळीतला पाचोळा काढणं, पडवीला झड (पाऊस आत येऊ न देणारा आडोसा) बांधणं हे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत व्हावं, एवढंच सांगतो. मेअखेर गावात कौलं परतणारा माणूस मिळत नाही.

आता पैसा. पैशाची काळजी करू नये असं म्हणणं सोपं, पण काळजी मिटते ती कर्ज कुठून शिरतं ते ओळखल्याने. माझ्या पाहण्यात कोकणातल्या छोट्या घरांत ते तीन दारांनी शिरतं. दुकानातली उधारी, दलालाची उचल आणि गणपतीचा खर्च. उधारीवर घेणारा भाव करू शकत नाही, दुकानदार लिहील तो आकडा. आंबा बागायतदाराने मोहरापूर्वी दलालाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की पेटी त्याच दलालाला द्यावी लागते आणि पट्टीत, म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशेबात, काय लागेल ते मुकाट्याने घ्यावं लागतं. आणि गणपतीला ४०,००० रुपये खासगीत शेकडा ३ ने काढले तर महिन्याला १,२०० रुपये व्याज. आंब्याचा पैसा यायला आठ महिने. म्हणजे ९,६०० रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल तशीच. पुढच्या गणपतीला पुन्हा तेच. घरातल्या माणसाचा स्वभाव कितीही आनंदी असो, हा आकडा त्याला रात्री उठवतो.

उपाय म्हणून एक साधी शिस्त पुरते. आंबा-काजूची पहिली रक्कम हातात आली की खर्चाला हात लावण्याआधी तीन वाटे काढावेत. एक जूनचा: बी-बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, छत्र्या. दुसरा गणपतीचा, तो बँकेत ९० दिवसांच्या ठेवीत टाकावा, म्हणजे मध्येच कुणाच्या लग्नात मोडला जात नाही. गणपती ऑगस्टअखेर असतील तर ठेव मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, नाहीतर ती चतुर्थीच्या अगदी तोंडावर किंवा नंतर सुटते. तिसरा वाटा एका महिन्याच्या घरखर्चाएवढा, कशालाच न वापरण्यासाठी. पहिल्या वर्षी तिन्ही वाटे पुरे भरत नाहीत. तेव्हा पहिला पूर्ण भरावा, उरेल ते दुसऱ्यात.

बेगमीचा पैशाशी संबंध काजूत सगळ्यात स्पष्ट दिसतो. काजू बी हे आमच्याकडे नाण्यासारखं चालतं, सकाळी गोळा केलेली बी घेऊन मुलं दुकानात जातात आणि साखर-चहापत्ती घेऊन येतात. ओली बी, रोजच्या रोज, दुकानदाराच्या भावाने. तीच बी दोन-तीन उन्हं देऊन, वाजवून पाहून, कोरड्या पोत्यात भरून फळीवर ठेवली तर थांबता येतं आणि भाव पाहून विकता येते. पण थांबायचं कोणी? ज्याच्या घरात साखर-चहापत्ती आधीच भरलेली आहे त्याने. त्यासाठी मार्चमध्ये दोन हजार रुपयांचा किराणा रोखीने भरणं पुरतं. बचतगट असेल तर एवढी रक्कम गटातूनच काढावी. गटाचं व्याज गटातच फिरतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आजारपण आणि अपघात कणगीला जुमानत नाहीत, आणि अशा घराला समाधान शिकवायला कोणी जाऊ नये. पण तिथेही मेमध्ये करायची दोन-तीन कामं आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती विम्याचा ४३६ रुपये, १८ ते ५० वयात घेता येतो, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून मेच्या अखेरीस आपोआप कापला जातो, आणि नेमकं तेव्हाच आगोटीच्या खरेदीने खातं रिकामं झालेलं असतं. हप्ता कापला गेला नाही की विमा बंद, आणि घरच्यांना ते कळतं संकटाच्या दिवशी. म्हणून मेच्या २० तारखेपासून खात्यात माणशी पाचशे रुपये ठेवून द्यावेत आणि जूनमध्ये पासबुक भरून आणून कपात झाली का ते पाहावं. आरोग्य योजनेचं कार्ड आधीच काढून, शिधापत्रिका आणि आधारच्या प्रतींसकट एकाच पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं. पुरात किंवा रात्री-अपरात्री कागद शोधत बसण्याइतकं वाईट काही नाही.

एवढं झालं की पाऊस आपला. मग फुकट मिळणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे टाकळ्याचा कोवळा पाला, पुढे तो राठ आणि कडू होतो. फोडशीची पात निवडताना मधला पांढरा कडक दांडा काढावा. अळूला आमसूल किंवा चिंच घातल्याशिवाय चूल सोडू नये, नाहीतर घसा खवखवतो. भारंगी, कुर्डू, फागलं, एकामागून एक येत राहतात, आणि ज्याला ती ओळखता येतात त्याची भाजीची खरेदी निम्म्यावर येते. मुलांना हातात धरून दाखवल्याशिवाय ही ओळख पुढे जात नाही. गणपतीच्या डोक्यावर बांधायची रानफुलांची आणि फळांची सजावट, माटवी, तीही तशीच. कवंडळं, शेरवडं, हरणं, तेरडा, सुपारीचे शिपटे, सगळं रानातलं आणि परसातलं. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या मखरांना बंदी आहे, तरी लोक त्याच्यासारखं दुसरं काहीतरी हजारो रुपयांना आणतात. माटवी बांधायला मात्र आदल्या दिवशी घरातली सगळी माणसं लागतात, आणि त्या दिवसाची मजा विकत मिळत नाही.

आणि भजन. पावसाळ्यात वाडीवाडीत संध्याकाळी भजन बसतं, त्याला वर्गणी नाममात्र, पण एक वस्तू जपावी लागते, पखवाज. ओल्या हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ताणाव्या लागतात, तेही थोडं थोडं, सगळीकडून सारखं. एकाच बाजूला ठोकलं तर तोंड वाकडं ताणलं जातं आणि शाई फुटते. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक सैल मळली तर वाजवताना उडते, फार घट्ट असेल तर आवाज बसतो. पुरीच्या पिठापेक्षा जरा मऊ, मधोमध गोल, कडा पातळ. भजन संपल्यावर सगळे चहाकडे वळतात आणि कणीक तशीच राहते. रात्रीत ती आंबते, कातडं कुजतं, आणि वासाने उंदीर येतो. दोन मिनिटांत खरवडून, कोरड्या फडक्याने पुसून, पखवाज जमिनीवर न ठेवता चुलीच्या उबेजवळच्या खुंटीला टांगावा. नव्या तोंडाचा खर्च मंडळीला परवडत नाही, आणि पखवाज बंद पडला की आठ दिवसांत भजन बंद पडतं. मग तीच माणसं संध्याकाळी घरात एकेकटी बसून हिशेब करत राहतात.

संपादक महाराज, आपल्याला विनंती एवढीच की समाधानावरचे लेख श्रावणात जरूर छापा, पण दर वर्षी चैत्र-वैशाखात आगोटीचं एक सदरही चालवा. प्रत्येक तालुक्यातल्या जाणत्या बायांकडून आणि म्हाताऱ्यांकडून मापं, प्रमाणं, तारखा मागवा. देवगडच्या खारात आणि श्रीवर्धनच्या खारात मिठाचं प्रमाण वेगळं असेल, तेही येऊ द्या. रतांबे अजून हिरवे आहेत, त्यामुळे यंदाही उशीर झालेला नाही. जाडं मीठ मात्र आत्ताच भरून ठेवायला सांगा, मेमध्ये हवा दमट होते आणि पोत्याला पाणी सुटतं.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, सिंधुदुर्ग